रोमाने-काँती : साडेचार एकरांचे नाव

१७९४ साल. फ्रान्सच्या राजाचा शिरच्छेद होऊन वर्ष उलटून गेले होते. सरदारांच्या पदव्या तर १७९० मध्येच रद्द झाल्या होत्या. गावांच्या आणि रस्त्यांच्या नावांतून राजे आणि संत खरवडून काढले जात होते. अशा दिवसांत बर्गंडी प्रांतातील व्होन नावाच्या खेड्यातला एक लहानसा द्राक्षमळा सरकारी विक्रीस निघाला. मळा जप्तीतला. मालक राजघराण्यातला, बूर्बाँ वंशाच्या काँती शाखेतला. शंभर-दीडशे वर्षे या शेताला लोक 'ला रोमाने' एवढेच म्हणत आले होते. विक्रीच्या कागदांत मात्र त्या नावाला एक जोड मिळाली आणि शेत झाले 'ला रोमाने-काँती'.

ज्या प्रजासत्ताकाने राजपुत्राची जमीन काढून घेतली, त्याच प्रजासत्ताकाने ती विकताना राजपुत्राचे नाव पुढे केले, ही यातली मौज. काँती घराण्याकडे हा मळा चौतीस वर्षे होता. त्या काळात घराण्याला आपले नाव शेताला जोडण्याची गरज भासली नव्हती. ती गरज विकणाऱ्याला भासली. खजिना रिकामा होता, आणि राजपुत्राच्या मेजावर जाणाऱ्या वाईनचे शेत साध्या शेताहून अधिक दाम देते, हे क्रांतीच्या कारकुनांनाही ठाऊक होते.

जगातील सर्वांत महागड्या वाईनपैकी एकीचे नाव असे लिलावात जन्मले. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांत त्या नावाचे काय काय झाले, ते कोणी जपले आणि कोणी विटाळले, याची ही कथा.

जुन्या खरेदीखतांत जमिनीची चतुःसीमा लिहिलेली असते. या शेताची लिहायची तर ती अशी: पश्चिमेस, चढाच्या अंगाला, 'ला रोमाने' हेच नाव राखलेला एक छोटा तुकडा, पूर्वेस, उताराच्या अंगाला, 'रोमाने-सँ-व्हिव्हाँ', उत्तरेस 'रिशबूर', दक्षिणेस 'ला ग्राँद र्यू' ही चिंचोळी पट्टी आणि तिच्यापलीकडे 'ला ताश'. क्षेत्र १.८१ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेचार एकर. कडेला बुटकी दगडी भिंत, भिंतीवर उंच दगडी क्रूस. पीक एकच, पिनो न्वार जातीची काळी द्राक्षे. वर्षाकाठी वाईन निघते ती साधारण पाच-सहा हजार बाटल्या.

चतुःसीमेतले प्रत्येक नाव हे स्वतंत्र वाईनचे नाव आहे. दोन शेतांमध्ये कित्येकदा एक पायवाटच असते. पण अलीकडच्या बाटलीचा भाव आणि पलीकडच्या बाटलीचा भाव यांत कित्येक पटींचा फरक पडू शकतो. बर्गंडीत अशा नाव धारण करणाऱ्या तुकड्याला 'क्लिमा' म्हणतात. शब्द मूळचा हवामानाचा. तिथे तो शेताचा झाला. कोत-दोर या टेकड्यांच्या उतारावर असे १,२४७ क्लिमा मोजले गेले असून २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. किल्ले, लेणी आणि मंदिरे यांच्या यादीत शेताचे बांध जाऊन बसले, ही घटना इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हे बांध पडले कसे? उत्तर मठांकडे जाते. मध्ययुगात या उतारावरची मोठी जमीन क्लूनी आणि सितो या दोन संप्रदायांच्या मठांकडे होती. मठाला मृत्यू नसतो, वारस नसतात, वाटण्या नसतात. एकाच उतारावर शेकडो वर्षे तीच जात लावायची, तीच वाईन करायची, आणि कोणत्या ओळीची वाईन पातळ निघते, कोणत्या ओळीची दीर्घकाळ टिकते हे पिढ्यान्‌पिढ्या पाहत राहायचे, हे मठालाच शक्य होते. माती कुठे चुनखडीची, कुठे चिकण, पाणी कुठे साचते, थंडी कुठे उतरते, या निरीक्षणांतून सीमा ठरत गेल्या. रोमाने-काँतीचा परिसर सँ-व्हिव्हाँ मठाच्या ताब्यात होता. १२३२ मध्ये बर्गंडीची डचेस आलिक्स द व्हर्जी हिने मठाच्या इथल्या हक्कांना मान्यता दिली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मठाने हा तुकडा कायम भाडेपट्ट्याने देऊन टाकला, आणि १६३१ मध्ये तो क्रूनांबूर नावाच्या घराण्याकडे आला. 'रोमाने' हे नाव कागदोपत्री दिसू लागते ते याच घराण्याच्या काळात.

१७६० मध्ये लुई-फ्राँस्वा द बूर्बाँ, म्हणजे काँतीचा राजपुत्र, याने तो विकत घेतला. माणूस मोठा विलक्षण होता. पंधराव्या लुईचा चुलतभाऊबंद. काही वर्षे राजाच्या गुप्त मुत्सद्देगिरीची सूत्रे त्याच्या हाती होती. पुढे राजाशी बिनसले आणि तो दरबारापासून दूर झाला. पॅरिसमधील त्याच्या 'ताँप्ल' या निवासस्थानी कलावंतांची आणि विचारवंतांची वर्दळ असे. ओलिव्हिए या चित्रकाराने १७६६ मध्ये रंगवलेल्या एका चित्रात तिथली चहाची बैठक दिसते, आणि त्या चित्रात वाद्यासमोर बसलेला चिमुकला मुलगा म्हणजे मोझार्ट. अशा घराच्या मेजावर रोमानेची वाईन जात असे. ती बाजारात मिळेनाशी झाली, कारण राजपुत्राने ती स्वतःसाठी आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवली. शेताच्या खरेदीत त्याने राजाच्या मर्जीतल्या मादाम द पोंपादूरवर मात केली, अशी एक कथा आवडीने सांगितली जाते. कथा चटकदार आहे. कथा म्हणूनच ती ऐकावी.

मात्र बाजारातून नाहीशी झालेली वस्तू लोकांच्या बोलण्यात जास्त राहते. १७७६ मध्ये राजपुत्र वारला, मळा मुलाकडे गेला, क्रांती झाली, मुलाला अटक झाली आणि मालमत्ता जप्त झाली. तोवर या वाईनचा लौकिक ती चाखलेल्यांपेक्षा न चाखलेल्यांनीच अधिक पसरवला असणार. १७९४ च्या विक्रीत त्या लौकिकाचा मोबदला सरकारने वसूल केला.

यानंतरच्या मालकांची यादी भरभर सांगून टाकण्यासारखी आहे. १७९४ च्या विक्रीनंतर पॅरिसकर निकोला दफेर, १८१९ मध्ये उव्रार, १८६९ मध्ये द्युव्हो-ब्लोशे, आणि मग त्याच्या वंशजांकडून आजच्या द व्हिलेन घराण्यापर्यंत. १९४२ मध्ये निम्मा वाटा लरवा घराण्याने घेतला. महत्त्वाचे ते निराळेच. नेपोलियनच्या १८०४ च्या दिवाणी संहितेने वारसांमध्ये समान वाटणी बंधनकारक केली आणि बर्गंडीच्या मळ्यांचे तुकड्यांवर तुकडे पडत गेले. सितोच्या मठाचा क्लो द व्हूजो हा पन्नास हेक्टरांचा एकसंध मळा आज सुमारे ऐंशी मालकांत वाटला गेला आहे. एकाच नावाखाली ऐंशी हातांची वाईन. भाऊहिश्श्यांत सातबाऱ्यावरची नावे कशी वाढत जातात हे पाहिलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. रोमाने-काँती मात्र फुटले नाही. एक शेत, एक मालक, एक वाईन. या अखंडपणामुळेच नावाची आणि जमिनीची गाठ सैल झाली नाही.

गावालाही त्या नावाचा मोह आवरला नाही. १८६६ मध्ये व्होन गावाने आपल्या नावाला शेताचे नाव जोडून घेतले; ते 'व्होन-रोमाने' झाले. शेजारच्या जव्ह्रेने १८४७ मध्येच 'शांबेर्तँ' हे आपल्या प्रसिद्ध शेताचे नाव लावले होते. शेतावरून गाव ओळखले जावे, हा क्रम तसा उलटाच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या सगळ्यावर घाला आला तो एका डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्याचा. फायलोक्सेरा हा मावाकुळातला कीटक अमेरिकेहून आणलेल्या वेलींबरोबर युरोपात आला. तो मुळांवर जगतो. वेल वरून हिरवी दिसते, मग पाने पिवळी पडतात, आणि उपटून पाहावे तर मुळे कुजलेली. १८६८ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये शास्त्रज्ञांनी हा कीटक ओळखला. १८७८ मध्ये तो कोत-दोरमध्ये पोहोचला. अमेरिकी वेली त्याच्यासह जगायला शिकलेल्या होत्या, युरोपी वेली नव्हत्या. अखेर उपाय ठरला तो असा: खाली अमेरिकी वेलीचा खुंट, वर फ्रेंच जातीचे कलम. बर्गंडीत आधी अमेरिकी खुंटांना बंदीच होती. परक्या मुळांवर पिनो न्वार म्हणजे धर्मभ्रष्टता, असा एकूण सूर. १८८७ मध्ये बंदी उठली आणि हळूहळू सगळा उतार कलमी झाला. नाशिक-सांगलीचा बागाईतदार डॉगरिजच्या खुंटावर पाचर कलम भरतो, तेव्हा त्याचे कारण फायलोक्सेरा नसून खारवट जमीन आणि पाण्याची टंचाई हे असते. पण त्याच्या हातातली ही अमेरिकी खुंटांची विद्या जगभर रुळली ती या संकटातून.

रोमाने-काँतीच्या मालकांनी कलमाला नकार दिला. ते जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचत राहिले. हे उग्र वासाचे, पेटणारे, विषारी द्रव्य मुळांभोवतीची कीड मारते. पण दरवर्षी, ओळीओळीने, माणसांच्या हातांनी ते घालावे लागते. शेत लहान आणि वाईनला भाव, म्हणून हा खर्च झेपला. मेलेल्या वेलीच्या जागी नवी वेल लावायची तीही दाब कलमाने, म्हणजे शेजारच्याच वेलीची फांदी मातीत वाकवून. रोपवाटिकेतून काही येत नव्हते. वेलीतून वेल, तिच्यातून पुन्हा वेल, आणि सगळ्या आपल्याच मुळांवर. ही परंपरा फायलोक्सेराच्या आधीच्या, अगदी मठाच्या काळापर्यंत मागे जाते असे मानले जाई.

हा हट्ट साठ-सत्तर वर्षे चालला. तो मोडला दुसऱ्या महायुद्धाने. जर्मन अंमलाखालच्या फ्रान्समध्ये कार्बन डायसल्फाइड मिळेना, माणसे मिळेनात. वेली खंगत गेल्या. १९४५ च्या वसंतात उशिराचे हिव पडले, त्याने उरलेसुरले कोंब जाळले. मग उन्हाळा कडक झाला. थोडे घड राहिले, आणि जे राहिले ते असामान्य गोडीचे. त्या हंगामात संपूर्ण शेतातून वाईन निघाली ती सुमारे ६०० बाटल्या. बर्गंडीच्या पिंपात २२८ लिटर मावतात; म्हणजे दोन पिंपे.

त्या काढणीनंतर जुन्या वेली उपटून टाकण्यात आल्या. १९४७ मध्ये नवी लागवड झाली, अमेरिकी खुंटांवर. वरचे कलम आणले ते शेजारच्या ला ताशमधून, कारण तिथल्या वेली एके काळी रोमाने-काँतीच्याच काड्यांपासून वाढवलेल्या होत्या. रक्त तेच राहिले, मुळे बदलली. १९४६ पासून १९५१ पर्यंत रोमाने-काँती नावाची वाईनच निघाली नाही. १९५२ पासून पुन्हा सुरू झाली ती निराळ्या वेलींची. १९४५ ची बाटली म्हणून केवळ जुनी नाही. स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या त्या वेलींचे हे शेवटचे पीक आहे, आणि तेही युद्ध संपल्याच्या वर्षीचे. अशा गोष्टीला लिलावात काय भाव येईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि अशी गोष्ट बनावट करण्याचा मोह किती होईल, हेही.

नावाची चोरी नवी नाही. फायलोक्सेरानंतरच्या टंचाईत बर्गंडीच्या नावाखाली दूरदूरच्या वाईन सर्रास खपू लागल्या होत्या. मूळ शेतकरी दोन्हीकडून मेला: वेली किडीने खाल्ल्या आणि नाव व्यापाऱ्याने. याच संतापातून फ्रान्समध्ये १९०५ चा भेसळविरोधी कायदा, १९१९ चा नामाधिकाराचा कायदा आणि अखेर १९३५ ची 'नियंत्रित मूळस्थान नाम' ही व्यवस्था उभी राहिली. कोणत्या बांधापासून कोणत्या बांधापर्यंतच्या द्राक्षांना कोणते नाव लावायचे, जात कोणती, उत्पन्न किती, हे सरकार ठरवू लागले. आज आपण ज्याला जीआय मानांकन म्हणतो, त्याची ही थोरली बहीण. रोमाने-काँतीला हा दर्जा ११ सप्टेंबर १९३६ रोजी मिळाला. १७९४ मध्ये भाव वाढवण्यासाठी जोडलेल्या शब्दाला कायद्याने कुंपण घातले.

पण कायदा पहारा ठेवतो तो शेतावर आणि बाटली भरण्याच्या जागेवर. बाटली एकदा बाहेर पडली, दहा तळघरे हिंडली, साठ वर्षे मुरली, की तिचा साक्षीदार कोण? लेबल आणि बूच. दोन्ही कागद-सालीच्या वस्तू.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या लिलावगृहांत रूडी कुर्नियावान हा इंडोनेशियात जन्मलेला तरुण अवतरला. तो लाखो डॉलरच्या वाईन विकत घेई, श्रीमंत मित्रांसाठी मेजवान्यांत त्या उघडी, आणि रोमाने-काँतीवरच्या त्याच्या प्रेमामुळे त्याला 'डॉक्टर काँती' हे टोपणनाव पडले. २००६ मध्ये त्याच्या संग्रहाचे न्यूयॉर्कमध्ये दोन लिलाव झाले. दोन्ही मिळून सुमारे साडेतीन कोटी डॉलर जमले. मेजवान्यांत रिकाम्या झालेल्या दुर्मीळ बाटल्या मात्र तो टाकू देत नसे. आठवण म्हणून हव्यात, असे सांगून त्या तो रेस्तराँमधून घरी मागवून घेई.

एप्रिल २००८ मध्ये त्याच्याच आणखी काही बाटल्या लिलावाला आल्या. त्यांत बर्गंडीच्या पोंसो घराण्याची क्लो सँ-दनी ही वाईन होती, १९४५ ते १९७१ या वर्षांची. लोराँ पोंसो या घराण्याच्या प्रमुखाने यादी पाहिली आणि तो चक्रावला, कारण त्याच्या घराण्याने क्लो सँ-दनी करायला सुरुवातच मुळी १९८२ मध्ये केली होती. त्याने बाटल्या मागे घेण्याची मागणी केली, आणि तेवढ्यावर न थांबता विमानाने न्यूयॉर्कला जाऊन लिलावाच्या दिवशी सभागृहात हजर झाला. बाटल्या मागे घेतल्या गेल्या. एका शेतकऱ्याने आपल्या शेताच्या नावासाठी अटलांटिक ओलांडावा, यात या सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. लिलावगृहातल्या तज्ज्ञांना, संग्राहकांना, समीक्षकांना जे दिसले नाही, ते ज्याच्या घरची ती वाईन त्याला कॅटलॉगच्या पानावर दिसले.

८ मार्च २०१२ रोजी एफबीआयने कुर्नियावानला कॅलिफोर्नियातील त्याच्या घरी अटक केली. घरात छापलेली हजारो लेबले, बुचे, शिक्के आणि पाण्यात भिजत घातलेल्या बाटल्या सापडल्या. कोणत्या स्वस्त वाईनमधून कोणती थोर वाईन उभी करायची याच्या खुणाही. डिसेंबर २०१३ मध्ये तो दोषी ठरला. खटल्यात साक्ष द्यायला पोंसो आला होता, रोमाने-काँतीचा ऑबेर द व्हिलेनही आला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

पैशांचे नुकसान मोजता आले. न्यायालयाने २ कोटी ८४ लाख डॉलरची भरपाई ठरवली. न मोजता येणारे नुकसान वेगळेच. १९४५ च्या रोमाने-काँतीची खरी चव माहीत असलेली माणसे जगात मूठभर. ज्यांनी बनावट बाटली खरी समजून चाखली, तिचे वर्णन लिहिले, त्यांच्या लेखी हीच त्या वर्षाची चव. म्हणजे बाटलीबरोबर साक्षसुद्धा भेसळीची झाली. इतिहासात बनावट ताम्रपट करतो तेच हे काम: एक खोटा दस्तऐवज पुढे दहा खऱ्या अभ्यासकांची वाट चुकवतो. ताम्रपट निदान पुन्हा पुन्हा तपासता येतो. वाईनची खातरजमा करायची तर बूच काढावे लागते, आणि बूच काढले की विकायला काही उरत नाही.

पुढचा भाग १७९४ ची आठवण करून देणारा आहे. कुर्नियावानच्या तळघरातील खऱ्या ठरलेल्या साडेचार हजारांहून अधिक बाटल्या अमेरिकी सरकारने जप्त मालमत्ता म्हणून २०१५ च्या अखेरीस लिलावात विकल्या, फसलेल्यांची भरपाई करण्यासाठी. पुन्हा सरकार, पुन्हा जप्ती, पुन्हा बर्गंडीची नावे आणि पुन्हा बोली. या वेळी सरकारला नाव वाढवायचे नव्हते, खऱ्याखोट्याची निवड करायची होती. खोट्या ठरलेल्या पाचशेहून अधिक बाटल्या टेक्सासमधील एका कचरा डेपोवर नेऊन चिरडण्यात आल्या.

या घोटाळ्यानंतर लिलावाच्या जगात एक प्रश्न सर्वांत आधी विचारला जाऊ लागला: ही बाटली आजवर कुठे होती? जितकी कमी हिंडलेली, तितकी भाववाली. त्यामुळे १९४५ ची रोमाने-काँती बोन शहरातल्या द्रूएँ घराण्याच्या तळघरातून लिलावाला येणार, ही बातमी खळबळ उडवणारी होती. द्रूएँ हे वाईनचे व्यापारी. १९२८ पासून १९६४ पर्यंत फ्रान्स आणि बेल्जियममध्ये रोमाने-काँतीची विक्री त्यांच्याकडे होती. म्हणजे शेतातून बाटली थेट त्यांच्याकडे आली आणि तिथेच राहिली. व्होनपासून बोन हे अंतर जेमतेम वीस किलोमीटर.

त्या तळघरांनाही इतिहास आहे. युद्धकाळात मोरिस द्रूएँ प्रतिकार चळवळीशी संबंधित होता. १९४४ मध्ये गेस्टापो दारात आली, तेव्हा तो शहराखालच्या या तळघरांच्या भुयारी वाटेने निसटला आणि 'ऑस्पीस द बोन' या धर्मार्थ रुग्णालयात लपून राहिला. निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ मध्ये गरिबांसाठी स्थापन केलेले हे रुग्णालय. श्रद्धाळू दात्यांनी शतकानुशतके त्याला द्राक्षमळे दान दिले. त्यांची वाईन १८५९ पासून दर नोव्हेंबरात जाहीर लिलावाने विकली जाते आणि उत्पन्न रुग्णालयाला मिळते. तिथे विकली जाते ती वाईन पिंपात असते, काही आठवड्यांपूर्वीच गाळलेली, अजून कच्ची. तिला भूतकाळ नाही, म्हणून तिच्याबद्दल खोटे बोलायलाही फारशी जागा नाही. २०२२ मध्ये दानासाठी राखलेल्या एका खास पिंपाला ८ लाख १० हजार युरो मिळाले. मोरिस द्रूएँने सुटकेची कृतज्ञता म्हणून आपले काही मळे या रुग्णालयाला दिले, आणि त्या मळ्यांची वाईन आजही त्याच्या नावाने त्या लिलावात बोलीला येते.

मोरिसचा वारस रोबेर द्रूएँ याने आपल्या खाजगी साठ्यातल्या बाटल्या विकायला काढल्या. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्कला सदबीच्या लिलावात १९४५ च्या रोमाने-काँतीची एक बाटली पुकारली गेली. अंदाज होता ३२,००० डॉलरपर्यंत. हातोडा पडून खरेदीदाराच्या अधिभारासह हिशेब झाला तेव्हा आकडा होता ५,५८,००० डॉलर, पाऊण लिटरच्या बाटलीसाठी तोवरचा विक्रम. त्याच दिवशी, त्याच तळघरातली, त्याच सालची दुसरी बाटली ४,९६,००० डॉलरला गेली. त्या दोन बाटल्यांत ६२,००० डॉलरचा फरक कशाचा होता, हे दोन्हींची बुचे शाबूत असेपर्यंत कोणालाच सांगता येणार नाही.